बादली क्रमांक तीन

दिवाडीच्या फेरीबोटीवर
चार तांबड्या बादल्या टांगलेल्या असतात.
प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात ‘आग’,
आत, नियमाप्रमाणे, वाळू.
तिसरीत माती आहे.
ते माझं काम.

एस्पेरांसाबायच्या पाटीतून
एक सुकी मिरची रॅम्पच्या खाचेत पडली.
तिच्यावरून दोन स्कूटर गेल्या,
मग पोदेराची सायकल,
आणि ती फुटली.
नखाने उचललं बी. अकरा दाणे.
विडीच्या कागदात गुंडाळून
इंजिनाच्या भिंतीपाशी, उबेला.
कायतान म्हणाला, ‘डिझेलाचो वास येतलो मिरसांगेक.’
म्हटलं, येऊ दे, वासासकट खाऊ.

सात उगवली.
एकाने तर बियाचं टरफल
चार दिवस डोक्यावरून उतरवलं नाही,
आमच्या जुन्या साहेबांच्या टोपीसारखं.
मी थुंकी लावून अलगद सोडवलं.
खाली दोन पानं, चिकटलेली,
दुपारपर्यंत उघडली.

चहूकडे मांडवी.
वाकून हात घातला की पाणी.
पण मे महिन्यात समुद्र तिच्यात
पार वरपर्यंत चढून बसलेला असतो.
एकदा आळसाने तेच घातलं,
तर पानांच्या कडा करपल्या
विझलेल्या विडीसारख्या.
तेव्हापासून घरचं गोडं पाणी,
दोन लिटरच्या बाटलीतून,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
नदीवर नोकरी, आणि पाणी पिशवीत.
बायको हसते. हसू दे.

पाळ्या तीन, माणसं तीन,
आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.
पानं पिवळी पडली.
मला वाटलं तहान. आणखी ओतलं.
शाबलोला वाटलं भूक. चिमूटभर युरिया,
त्याची चिमूट म्हणजे माझी मूठ.
रात्रपाळीचा कायतान
बांगडे धुतलेलं पाणी आणायचा, रोज, न चुकता,
आजाऱ्याला पेज आणावी तसं.
आम्ही तिघांनी मिळून
मायेने चार रोपं मारली.

मग खडू आणला.
सुकाणूमागच्या पत्र्यावर तारीख,
ज्याने पाणी घातलं त्याने रेघ.
आधी बोट मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत,
कोरडं लागलं तरच.
बुडाला भोक पाडलं, सरकारी बादलीला,
रात्री, आवाज इंजिनात मिसळेल असं.
पंधरवड्याने एकदा
शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी.
त्या दिवशी मोटारवाले
न सांगता काचा वर घेतात.

तपासणीला साहेब आले.
बादल्या मोजल्या. तिसरीपाशी थांबले.
‘आग लागल्यार?’
शाबलो म्हणाला, ‘तर तीन आहेत, साहेब.’
साहेबांनी पेन खिशात ठेवलं,
बोट मातीत घातलं,
दुसऱ्या पेरापर्यंत,
आणि रुमालाला पुसलं.
वहीत काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

फुलं आली, पांढरी, मान खाली घातलेली.
नदीच्या मध्यावर मधमाशी कुठली?
पहिली सगळी गळाली.
पण धक्का सुटताना इंजिन थरथरतं,
त्याबरोबर बोट, बादली, देठ,
फुलातली पिवळी धूळ फुलातच सांडते.
दिवसाला चाळीस फेऱ्या.
मिरची धरली.

एस्पेरांसाबायने एकदा वाकून पान चुरगाळलं,
हुंगलं, म्हणाली, ‘ही म्हजी.’
ओळख कशी पटली ते विचारलं नाही.
तोडून दिली, तर घेईना.
‘ती तांबडी आसा न्ही, ती झाडारच सुकूं दी.’

आज दुपारपाळी.
पत्र्यावर रेघ नाही.
बोट घातलं, माती ओली.
शाबलो रजेवर, कायतान घरी झोपलेला.
रॅम्पवर माणसं, रिकाम्या पाट्या,
एक शाळकरी पोर, पाण्याची बाटली अर्धी,
नजर मुद्दाम नदीकडे.
मी माझी बाटली पिशवीत ठेवली
आणि रेघ मारली.